दोन पॅनोरामांच्या मधलं शहर : सॅन फ्रान्सिस्को, १८७८ आणि १९९०

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. पडद्यावर दाखवलेल्या चित्रांचे संदर्भ वाचताना कळावेत, इतपतच फेरफार केले आहेत. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



शहराचे जुने आणि नवे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघायला कुणाला आवडत नाही? कॅलेंडरवर, दिवाळी अंकात, मोबाइलवर 'तेव्हा आणि आता' म्हणून ते सारखे येत असतात. आपण बघतो, "अरे, इथे केवढं मोकळं होतं!" असं म्हणतो आणि पुढे जातो. आज मात्र आपल्याला पुढे जायचं नाहीये. एकाच शहराचे, एकाच टेकडीवरून काढलेले दोन पॅनोरामा घेऊन आपण त्यांच्यासमोर थांबणार आहोत.

प्रश्न साधा आहे. दोन फोटो शेजारी ठेवल्यावर जे दिसतं, त्यावरून त्या शहराचं काय झालं हे खरंच कळतं का? आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो: अर्धंच कळतं. उरलेलं अर्धं त्या दोन फोटोंच्या मध्ये असतं. ते फोटोत सापडत नाही, पण ते शोधायला कुठे जायचं हे फोटोच दाखवतात. कसं, ते बघू.

पहिलं चित्र : १८७८

वर जे लांबच लांब चित्र दिसतंय, ते एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ मध्ये काढलं. मायब्रिज मूळचा इंग्लंडचा, पण त्याचं नाव झालं कॅलिफोर्नियात. चित्र म्हणजे तेरा वेगवेगळे मोठे फोटो, एकाला एक लावून जोडलेले. पूर्ण उलगडलं की लांबी साधारण सतरा फूट. शहर चारही बाजूंनी, म्हणजे पूर्ण ३६० अंशांत दिसतं. आदल्या वर्षी, १८७७ मध्ये, त्याने असाच अकरा फोटोंचा लहान पॅनोरामा काढला होता. त्याच्याबरोबर आकडे घातलेली सूचीही छापली होती. दोनशेहून जास्त ठिकाणं त्यात नावानिशी दिलेली होती. त्या सूचीमुळे आज आपल्याला १८७८चं चित्रही घर न् घर वाचता येतं.

कॅमेरा कुठे होता? नॉब हिल नावाच्या टेकडीवर, मार्क हॉपकिन्सच्या अजून पूर्ण न झालेल्या बंगल्याच्या मनोऱ्यावर. हे हॉपकिन्स कोण? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला पश्चिमेशी जोडणारा रेल्वेमार्ग १८६९ मध्ये पूर्ण झाला. त्याचा पश्चिमेकडचा भाग ज्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीने बांधला, तिचे चार बडे मालक होते: लेलँड स्टॅनफर्ड, चार्ल्स क्रॉकर, कॉलिस हंटिंग्टन आणि मार्क हॉपकिन्स. रेल्वेच्या पैशावर ही मंडळी या टेकडीवर राहायला आली. टेकडी इतकी चढणीची की घोड्यांचा दम निघायचा. १८७३ मध्ये जवळच्या क्ले स्ट्रीटवर जमिनीखालच्या दोराने ओढली जाणारी केबल कार सुरू झाली, १८७८ मध्ये ती कॅलिफोर्निया स्ट्रीटवरही आली आणि वर राहणं सोयीचं झालं. हॉपकिन्सला मात्र हा बंगला पूर्ण झालेला बघायला मिळाला नाही. १८७८च्या मार्चमध्ये त्याचं निधन झालं.

म्हणजे हे चित्र कुठून दिसतंय हे लक्षात घ्या. शहरातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एकाच्या घराच्या माथ्यावरून. पॅनोरामा बघताना आपल्याला वाटतं की यात सगळं आलंय, यात कुणाची बाजू नाही. पण कॅमेरा कुठेतरी उभा असतोच, आणि तिथवर पोचायला कुणाची तरी परवानगी लागलेली असते.

चित्र वाचायच्या आधी

तुलना करण्याआधी जुनं चित्र कसं तयार झालं ते समजून घेऊ. नाहीतर तंत्राने घडवलेल्या गोष्टी आपण शहराच्या माथी मारू.

पहिली गोष्ट, रस्ते ओस दिसतात. १८८०च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या २,३३,९५९ होती. मग माणसं गेली कुठे? त्या काळी काचेवर कलोडियनचं ओलं रसायन पसरून, ती काच ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि लगेच धुवावा लागे. काचेवर प्रकाश काही सेकंद पडू द्यावा लागे. तेवढ्या वेळात चालत जाणारा माणूस, धावणारी घोडागाडी यांचा ठसा उमटतच नाही. घरं उमटतात, माणसं निसटतात. गंमत बघा, याच मायब्रिजने त्याच १८७८च्या जूनमध्ये, त्याच स्टॅनफर्डच्या पैशाने, पालो आल्टोला धावत्या घोड्याचे फोटो घेतले. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे त्याने त्यातून दाखवून दिलं. घोड्याचा क्षण पकडणाऱ्या माणसाच्या शहराच्या चित्रात चालणारी माणसं नाहीत.

दुसरी गोष्ट, आभाळ. ते कोरं, पांढरं आहे. म्हणून दिवस निरभ्र होता असं समजायचं कारण नाही. ते रसायन निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असायचं. घरांपुरता प्रकाश मिळेपर्यंत आभाळ पांढरंफटक होऊन जायचं.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा 'एक' फोटो नाही. तेरा काचा, प्रत्येक काच तयार करायची, वापरायची, धुवायची. यात तासन् तास गेले. डावीकडून उजवीकडे जाताना आपण दिशा तर बदलतोच, वेळही बदलत जातो. सावल्या नीट बघितल्या तर हे कळतं. एका काचेवरच्या सावल्या तर शेजारच्या काचांशी जुळतच नाहीत. ती वेगळ्या वेळी घेऊन मध्ये बसवलेली असावी. चित्र सलग दिसतं, पण ज्या सलग क्षणाचं ते वाटतं, तो क्षण कधी नव्हताच.

आणि चौथी, जरा फसवणारी गोष्ट. पूर्ण वर्तुळ सपाट कागदावर पसरलं की खालून सरळ जाणारा एकच रस्ता दोनदा दिसतो. एकदा पूर्वेकडे उतरताना आणि एकदा पश्चिमेकडे जाताना. कॅलिफोर्निया स्ट्रीटचं इथे तसंच झालंय. नवखा माणूस त्याला दोन रस्ते समजतो.

दुसरं चित्र : १९९०

आता खालचं चित्र. हे मार्क क्लेट यांनी १९९० मध्ये काढलं. क्लेट मुळात भूशास्त्र शिकलेले. १९७०च्या दशकात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक मोठं काम केलं होतं. अमेरिकेच्या पश्चिम भागाचे एकोणिसाव्या शतकात काढलेले सर्वेक्षणाचे फोटो घ्यायचे, ते जिथून काढले ती नेमकी जागा शोधायची आणि तिथूनच पुन्हा फोटो काढायचा. याला पुनर्छायाचित्रण म्हणू या. हीच शिस्त त्यांनी मायब्रिजच्या पॅनोरामाला लावली. तेरा फोटो, त्याच तेरा दिशा, आणि सावल्यांवरून काढलेली दिवसातली वेळ.

जागा नेमकी सापडते कशी? एक डोळा मिटून बोट समोर धरा, मग दुसरा डोळा मिटून बघा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखं दिसतं. हेच तत्त्व इथे वापरतात. जुन्या फोटोत जवळच्या घराचा कोपरा आणि लांबचा कळस एका रेषेत दिसत असेल, तर आज तो तसाच दिसेपर्यंत आपण सरकत राहायचं. अशा दोन-तीन जोड्या एकाच वेळी जुळल्या, की आपण जुन्या कॅमेऱ्याच्या जागी उभे आहोत.

इथे मात्र एक अडचण होती. हॉपकिन्सचा बंगला १९०६ मध्ये जळाला. त्याच जागेवर १९२६ पासून मार्क हॉपकिन्स नावाचंच उंच हॉटेल उभं आहे. मायब्रिजचा मनोराच नाही, तर त्याच्या उंचीवर उभं कसं राहणार? त्यामुळे क्लेट यांचा कॅमेरा मूळ जागेपेक्षा वर गेला. याचा परिणाम काय होतो? लांबच्या गोष्टी, म्हणजे आल्काट्राझ बेट, खाडीपलीकडचे डोंगर, या जवळपास तशाच राहतात. जवळची छपरं मात्र खूप खाली गेल्यासारखी दिसतात. दोन चित्रांतला हा फरक शहराने केलेला नाही, कॅमेऱ्याच्या उंचीने केलेला आहे. तुलना करताना प्रत्येक फरकाला विचारायचं: तू शहरातला, की कॅमेऱ्यातला?

पटकन दिसणारं

जे सहज दिसतं ते भराभर पाहू. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे, जिथे १८७८ मध्ये दोन-तीन मजली घरं आणि त्यांच्या डोक्यावरून गलबतांच्या डोलकाठ्या दिसायच्या, तिथे आता कार्यालयांचे टॉवर आहेत. १९६९ मध्ये पूर्ण झालेली २३७ मीटर उंचीची बँक ऑफ अमेरिकाची इमारत, १९७२ची २६० मीटरची ट्रान्सअमेरिका पिरॅमिड. या भिंतीआड खाडीचं पाणी बरंचसं झाकलं गेलं. खाडीवर १९३६ मध्ये बे ब्रिज आणि १९३७ मध्ये गोल्डन गेट पूल झाला. १८७८ मध्ये खाडी ओलांडायला बोटच. १९९०ची लोकसंख्या ७,२३,९५९, म्हणजे तिपटीहून जास्त.

आणि न बदललेलं? टेकड्या, बेटं, खाडी. रस्त्यांची आखणी. कॅलिफोर्निया स्ट्रीटवरची केबल कारसुद्धा.

इथवर पोचलं की बहुतेक लोक म्हणतात, झालं, शहर वाढलं, उंच झालं. लाकडाचं होतं, सिमेंटचं झालं. यालाच विकास म्हणतात. दोन फोटो आपल्याला ही गोष्ट आयती देतात: इथून निघालो, इथे पोचलो. मध्ये सरळ रेघ. पण ती रेघ आपणच ओढलेली असते.

दोन्ही चित्रांत नसलेली गोष्ट

१८ एप्रिल १९०६. पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्कोला मोठा भूकंप झाला. त्याहून जास्त नाश केला तो आगीने. जमिनीखालचे पाण्याचे नळ फुटले होते, त्यामुळे आग विझवायला पाणी नव्हतं. आग पुढे सरकू नये म्हणून सुरुंग लावून इमारती पाडल्या, त्यातून काही ठिकाणी नव्या आगी लागल्या. तीन दिवस शहर जळत होतं. सुमारे २८,००० इमारती गेल्या. चार लाखांच्या शहरात निम्म्याहून जास्त लोक बेघर झाले. मृतांचा सुरुवातीचा सरकारी आकडा पाचशेच्या आत होता. नंतरच्या संशोधनाने तो ३,०००च्या वर नेला. सुरुवातीच्या मोजणीत चिनी वस्तीतले मृत फारच थोडे धरले गेले होते.

आता पुन्हा आपले दोन पॅनोरामा बघा. १८७८च्या चित्रातली जी घरं आपण 'जुनं सॅन फ्रान्सिस्को' म्हणून डोळे भरून पाहिली, त्यातली जवळजवळ सगळी त्या तीन दिवसांत गेली. कॅमेरा ज्या मनोऱ्यावर होता तोही गेला. हे शहर हळूहळू बदलत १९९० पर्यंत आलं नाही. ते मधेच तुटलं आणि दुसऱ्यांदा बांधलं गेलं. आणि ती तूट या दोन चित्रांत कुठेही दिसत नाही. राखेचा एक कण नाही.

म्हणून आम्ही तिसरं चित्र आणलंय. शिकागोच्या जॉर्ज लॉरेन्स यांनी भूकंपानंतर साधारण सहा आठवड्यांनी हा फोटो काढला. खाडीवर, सुमारे दोन हजार फूट उंचीवर, सतरा पतंगांच्या माळेला वीस-बावीस किलो वजनाचा कॅमेरा टांगून. वाचून अतिशयोक्ती वाटेल, पण हे खरं आहे. नेगेटिव्हच जवळपास चार फूट लांब. पुढे गोदी, मध्ये मार्केट स्ट्रीटची तिरकी रेघ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना काय? रस्ते स्पष्ट दिसताहेत, घरं नाहीत. शहराचा नकाशा उरलाय, शहर नाही.

हे तिसरं चित्र मध्ये ठेवलं की पहिल्या आणि शेवटच्या चित्राचा अर्थच बदलतो. आता फक्त 'काय बदललं' असं विचारून भागत नाही. 'जे बदललं नाही, ते का बदललं नाही' असंही विचारावं लागतं. हा दुसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात.

जे बदललं नाही, त्याचाही इतिहास असतो

दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं, रस्त्यांची आखणी. वरच्या आणि खालच्या चित्रात चौकटी-चौकटीचे तेच रस्ते आहेत. टेकडी आली तरी न वळता सरळ अंगावर चढणारे. आपल्याला वाटतं, रस्ते काय, असतात तसेच राहतात. पण १९०५ मध्ये डॅनियल बर्नहॅम या नामवंत वास्तुरचनाकाराने शहरासाठी संपूर्ण नवी योजना तयार करून दिली होती. रुंद तिरके राजरस्ते, टेकड्यांच्या उताराला धरून वळणारे मार्ग, बागा. दुसऱ्याच वर्षी शहर जळून मोकळं झालं. योजना राबवायची तर याहून चांगली संधी कुठली? पण जमीनमालकांना आणि व्यापाऱ्यांना थांबायला वेळ नव्हता. ज्याने त्याने आपल्या जुन्या हद्दीवर बांधायला घेतलं. योजना बहुतांशी कागदावर राहिली. म्हणजे चित्रात 'तेच' दिसणारे रस्ते हा १९०६ नंतर घाईने झालेला एक निर्णय आहे. तो बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, पण तो आपोआप झाला नाही एवढं नक्की.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. नॉब हिलच्या पूर्व उतारावर चायनाटाऊन, चिनी वस्ती. १८७८ मध्येही तिथेच, १९९० मध्येही तिथेच. दोन फोटो बघून कुणी म्हणेल, बघा, एवढं शहर बदललं, पण चिनी लोक आपल्या जागी निवांत राहिले.

निवांत? जुलै १८७७ मध्ये, म्हणजे मोठ्या पॅनोरामाच्या आदल्या वर्षी, या शहरात चिनी लोकांविरुद्ध दंगल झाली. त्यांच्या लॉन्ड्र्यांवर हल्ले झाले, माणसं मेली. १८८२ मध्ये अमेरिकेने कायदाच केला की चिनी मजुरांना देशात येऊ द्यायचं नाही. तो १९४३ पर्यंत टिकला. हेच मजूर, ज्यांनी या टेकडीवरच्या मालकांचा रेल्वेमार्ग डोंगर फोडून बांधला होता. १९०६ मध्ये चायनाटाऊन पूर्ण जळालं. शहरातल्या पुढाऱ्यांना हायसं वाटलं. मोक्याची जागा मोकळी झाली, आता या लोकांना शहराच्या टोकाला, हंटर्स पॉइंटला हलवू, असं ठरू लागलं. चिनी व्यापारी अडून बसले. चिनी वकिलातीने विरोध केला. चीनशी चालणारा व्यापार आणि त्याचा महसूल दुसऱ्या बंदरांकडे जाईल, ही भीतीही शहराला होती. अखेर वस्ती जुन्या जागीच पुन्हा उभी राहिली.

आणि उभी कशी राहिली बघा. १८७८च्या चित्रातली तिथली घरं ओळखूही येत नाहीत, कारण ती इतर शहरासारखीच साधी विटांची होती. आज आपल्याला 'पारंपरिक' वाटणारी वळणदार चिनी छपरं आगीनंतरची आहेत. लुक टिन एली यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी गोऱ्या वास्तुरचनाकारांकडून ती मुद्दाम तशी बांधून घेतली. पर्यटक येतील, शहराला ही वस्ती हवीशी वाटेल, आणि पुन्हा कुणी हलवायची भाषा करणार नाही, हा हिशोब होता. म्हणजे नव्या चित्रात जे जुनाट दिसतं, तेच मुळात नवं.

आगीत शहराच्या जन्मनोंदी जळाल्या, याचाही इथे संबंध येतो. अनेक चिनी स्थलांतरितांनी 'माझा जन्म इथलाच' असं सांगितलं, आणि खोटं ठरवायला कागदच नव्हते. त्या नात्याने त्यांना चीनमधून 'मुलं' आणता आली. त्यातली कित्येक फक्त कागदावरची मुलं होती. एका देशाने दार बंद केलं होतं, आगीने त्यात फट पाडली. पॅनोरामाच्या एका कोपऱ्यातला 'न बदललेला' ठिपका इतकं सगळं पोटात घेऊन बसलाय.

एक कुंपण

आता १८७८च्या चित्रात पश्चिमेकडे या. चार्ल्स क्रॉकरचा बंगला दिसतोय. त्याच्यामागे, घरांच्या दाटीत, एक भलंमोठं लाकडी खोकं उभं असल्यासारखं काहीतरी आहे. त्याला खिडक्या नाहीत. ते घर नाहीच, ते कुंपण आहे. सुमारे चाळीस फूट उंच.

क्रॉकरला इथला सबंध चौक हवा होता. सगळ्यांनी घरं विकली, एकाने नाही विकलं. निकोलस युंग, अंत्यविधीचं सामान पुरवण्याचा त्यांचा व्यवसाय. सौदा जमेना, तेव्हा क्रॉकरने आपल्या जमिनीवर, युंग यांच्या घराच्या तीन बाजूंनी हे कुंपण उभारलं. ऊन बंद, वारा बंद, दिसणं बंद. लोकांनी त्याला नाव दिलं 'आकसाचं कुंपण'. ऑक्टोबर १८७७ मध्ये डेनिस कर्नी या कामगार पुढाऱ्याने याच टेकडीवर, या धनिकांच्या दारात हजारोंची सभा घेतली. कुंपण हे श्रीमंतांच्या मुजोरीचं प्रतीक झालं होतं. आणि तोच कर्नी चिनी मजुरांना हाकला म्हणून गर्जत होता, हेही विसरता येत नाही. इतिहासात माणसं अशीच भेटतात. युंग १८८० मध्ये वारले. त्यांच्या वारसांनी १९०४ मध्ये जमीन विकली, तेव्हाच ते कुंपण उतरलं.

दोन वर्षांत सगळंच जळालं. पुढे क्रॉकर कुटुंबाने तो चौक चर्चला दिला. आज तिथे ग्रेस कॅथीड्रल आहे, १९९०च्या चित्रात तेच दिसतं. दोन फोटो शेजारी ठेवले तर तळटीप काय येईल? 'पूर्वी येथे बंगला होता, आता कॅथीड्रल आहे.' खरं आहे. पण त्या वाक्यात युंग यांचं घर नाही. जुन्या चित्रातही नाही म्हणा, ते कुंपणाआड आहे! फोटोत दिसतं ते झाकण. आत काय झाकलंय ते कोर्टाच्या, वर्तमानपत्राच्या, जमिनीच्या कागदांत शोधावं लागतं.

म्हणून आम्ही म्हणतो, दोन पॅनोरामा हे उत्तर नसून प्रश्नपत्रिका आहेत. कुठे काय विचारायचं, ते त्यांच्याकडून घ्यायचं.

शेवटी एक. १९९०चं चित्रही आता 'आताचं' राहिलेलं नाही. २०१८ मध्ये पूर्ण झालेला ३२६ मीटर उंच सेल्सफोर्स टॉवर त्यात नाही. १९८९च्या भूकंपात खिळखिळा झालेला किनाऱ्याचा उन्नत महामार्ग ते चित्र काढलं तेव्हा उभा होता, १९९१ मध्ये तो पाडला आणि शहराला किनारा परत मिळाला. 'आता' म्हणून काढलेला प्रत्येक फोटो थोड्याच दिवसांत 'तेव्हा' होतो. आजचे आपले फोटोही.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : मोबाइलवर पॅनोरामा निघतो. तो अशा तुलनेला चालेल का?

आठवण म्हणून चालेल, तुलनेसाठी फारसा नाही. मोबाइल फिरवताना आपण स्वतः थोडे सरकतो, सरळ रस्ते आणि इमारतींच्या ओळी वाकतात, चालती वाहनं तुटक येतात. त्यापेक्षा तिपाई लावावी, वेगवेगळे फोटो काढावेत, प्रत्येक फोटोत शेजारच्याचा थोडा भाग यावा. जुना फोटो छापून हातात ठेवावा. आधी जागा जुळवावी, मग उंची, मग सावलीवरून महिना आणि वेळ. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठून, कधी, कुठल्या दिशेला फोटो काढला ते लिहून ठेवावं. पन्नास वर्षांनी येणाऱ्याला तेच लागणार आहे.

प्रश्न : मुंबईत असं काही बघता येईल का?

येईल. योगायोग बघा, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर पूर्ण झाला तोही १८७८ मध्येच. टॉवरवर आज सहज जाता येत नाही, पण तिथून पश्चिमेला बघतोय अशी कल्पना करा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या फोटोंत ओव्हल मैदान, पलीकडे लोहमार्ग आणि लगेच समुद्र. आज ओव्हलपलीकडे १९३०च्या दशकातल्या इमारतींची रांग आहे, मग आणखी रस्ते, मग मरीन ड्राइव्ह आणि मग समुद्र. दोन फोटो म्हणतील: समुद्र हटवला, शहर वाढलं. मधलं काय? १८६०च्या दशकात कापसाच्या तेजीत भराव घालणाऱ्या कंपन्यांचे शेअर आभाळाला भिडले आणि १८६५ मध्ये कोसळले, कित्येक घरं धुळीला मिळाली. १९२०च्या दशकात सरकारने बॅक बे योजना पुन्हा हाती घेतली, तिच्यातला गोंधळ आणि उधळपट्टी के. एफ. नरिमन यांनी चव्हाट्यावर आणली. ओव्हलच्या दोन बाजूंच्या त्याच इमारती २०१८ पासून जागतिक वारसा आहेत, आणि त्या पाहायला आपण कौतुकाने जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या. इथे आगीऐवजी भराव आहे, एवढाच फरक. मधलं पान इथेही उलगडावंच लागतं.

प्रश्न : एवढं सगळं बघून शेवटी काय म्हणायचं? शहर सुधारलं की बिघडलं?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि तो यायलाच हवा. पण 'शहर' असं म्हटलं की आपण पुन्हा त्या मनोऱ्यावर जाऊन उभे राहतो. वरून शहर एकच दिसतं. खाली उतरून विचारा. केबल कार आली तेव्हा टेकडीवर राहायला जाणाऱ्याचं सुधारलं. कुंपणाआडच्या युंग यांचं बिघडलं. चायनाटाऊन त्याच जागी राहिलं ते तिथल्या लोकांनी राखलं म्हणून. कुणाचं सुधारलं, कुणाचं बिघडलं आणि ते कुणी ठरवलं, असे प्रश्न केले की उत्तरं मिळू लागतात. आपल्या गावात उद्या एखादी जागा मोकळी होईल आणि कुणीतरी जुना फोटो दाखवून म्हणेल, "इथे पूर्वी काहीच नव्हतं", तेव्हा तो फोटो हातात घ्या आणि विचारा: कुठून काढलाय, कधी काढलाय, आणि यात न उमटलेली माणसं कुठे आहेत?

इथे थांबू या.